बेलफास्टची बाँबे गल्ली

उत्तर आयर्लंडची राजधानी जें बेलफास्ट शहर, त्यांत ‘बाँबे स्ट्रीट’ नांवाची एक गल्ली आहे, हें साठी उलटेपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हतें. आमची कन्या तेथील एका रुग्णालयांत नोकरीस आहे. यंदाच्या जुलै महिन्यांत तिच्याकडे राहण्याचा योग आला, आणि शहराचा नकाशा चाळतां चाळतां हें नांव दृष्टीस पडलें. शेजारींच कश्मीर रोड! साम्राज्याच्या भरभराटींत मजुरांच्या वस्तीला हीं नांवें द्यावींत असें कोणास सुचलें, कोण जाणे! मुंबईचें नांव पाहिल्यावर मराठी माणूस स्वस्थ कसा बसेल? दुसऱ्याच दिवशीं आम्ही उभयतां भाड्याची मोटार करून निघालों.

गल्ली लहानशी. लाल विटांचीं घरें एकमेकांस खेटून उभीं. आणि त्यांच्या पाठीशीं घरांहूनहि उंच भिंत. खालीं काँक्रीट, त्यावर लोखंडी पत्रे, त्यावर जाळी. भिंतीलगतच्या परसांवर पिंजऱ्यासारखें जाळीचें आच्छादन. कोंकणांतल्याप्रमाणें येथेंहि माकडांचा उपद्रव असावा, असें आमच्या मंडळींस वाटलें. मोटारवाला हंसला नाहीं. ‘पलीकडून दगड आणि पेट्रोलच्या पेटत्या बाटल्या येत, त्यांसाठीं आहे हें,’ एवढेंच तो म्हणाला.

आयर्लंडची फाळणी सन १९२१ सालीं झाली. ईशान्येकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तेथील बहुतेक प्रॉटेस्टंटांस ब्रिटनशीं संबंध ठेवावयाचा, तर बहुतेक कॅथलिकांस उरलेल्या आयर्लंडशीं एक व्हावयाचें. नोकऱ्या आणि घरें यांत आपणांस डावललें जातें, ही कॅथलिकांची तक्रार होतीच. सन १९६९ च्या ऑगस्टांत दंगे उसळले आणि १५ तारखेस बाँबे स्ट्रीट जाळण्यांत आली. आपल्याकडे त्या सकाळीं शाळाशाळांतून झेंडावंदन झालें असेल. पुढें सुमारें तीस वर्षें गोळ्या आणि बाँब यांचें राज्य चाललें. साडेतीन हजारांवर माणसें मेलीं. हें सारें पाप एकाच पक्षाच्या पदरीं घालतां येण्याजोगें नाहीं.

दंगे होतांच सैनिकांनीं दोन वस्त्यांमध्यें कांटेरी तारा घातल्या. ही तात्पुरती सोय आहे, असें तेव्हां सांगण्यांत आलें. तारांचे पत्रे झाले, पत्र्यांची भिंत झाली. बर्लिनची भिंत सन १९६१ सालीं उभी राहून १९८९ सालीं पडली. ही अर्धें शतक उलटलें तरी उभी आहे. आणि तिचें नांव काय, तर ‘शांतता-रेषा’!

आम्ही मात्र या नांवाला हंसूं शकलों नाहीं. आगराच्या वांटणीवरून आमचे तीर्थरूप आणि चुलते यांचें बिनसलें, तेव्हां ओटीच्या मधोमध ‘एका पावसाळ्यापुरता’ म्हणून कुड घातला गेला. कुड असला म्हणजे भांडण तरी होणार नाहीं, असेंच सारे म्हणत. पुढें त्या कुडाची जांभ्याची भिंत झाली. खटल्याचा निकाल लागला, दोघेहि भाऊ निवर्तले, भिंत आहे. पलीकडे चुलतबहिणीचें लग्न लागलें, त्या वेळीं मंगलाष्टकें आम्हीं अलीकडे बसून ऐकलीं. हातांत अक्षता नव्हत्या.

बाँबे स्ट्रीटच्या जवळच क्लोनार्डचा मठ आहे. तेथील फादर अलेक रीड यांची हकीकत आमच्या मनांतून जात नाहीं. आय. आर. ए. या सशस्त्र संघटनेच्या बाजूचे पुढारी जेरी अ‍ॅडम्स आणि सनदशीर मार्गाचे पुढारी जॉन ह्यूम यांस एकत्र बसविण्याकरितां हा धर्मोपदेशक खेटे घालीत होता. सन १९८८ च्या मार्चांत एका प्रेतयात्रेसमोर दोन ब्रिटिश सैनिकांची मोटार सांपडली. त्यांस ओढून नेऊन गोळ्या घालण्यांत आल्या. रीड त्यांच्यापाशीं गुडघे टेकून बसले, स्वतःच्या तोंडानें श्वास देऊन पाहिला, आणि शेवटचा धर्मविधि केला. त्या वेळीं त्यांच्याजवळ एक लिफाफा होता. वाटाघाटींचे कागद ह्यूम यांस पोंचवावयाचे होते. लिफाफ्यावर त्या सैनिकांचें रक्त लागलें. कागद मात्र पोंचले. आम्ही असतों तर त्या दिवशीं लिफाफा फाडून घरीं गेलों असतों.

दहा वर्षांनीं, १० एप्रिल १९९८ रोजीं, करार झाला. मतदान करणाऱ्यांपैकीं शेंकडा ७१ जणांनीं त्यास होकार दिला. बहुमतावांचून हा प्रांत ब्रिटनपासून तुटावयाचा नाहीं, आणि कारभार दोघांनीं मिळून करावयाचा, हें त्याचें मर्म. आय. आर. ए. नें सन २००५ सालीं शस्त्रें निकामी केलीं, तेव्हां साक्षीस हेच रीड आणि त्यांच्या जोडीला हॅरल्ड गुड हे मेथॉडिस्ट उपदेशक होते.

एवढें झालें, तरी मुलांच्या शाळा बहुतांशीं वेगळ्याच. माणूस कोणत्या बाजूचा, हें तेथें इंग्रजी वर्णमालेच्या एका अक्षरावरून ओळखीत, असें मोटारवाल्यानें सांगितलें: कॅथलिक ‘हेच’ म्हणावयाचे, प्रॉटेस्टंट ‘एच’. चुकीच्या उच्चारामुळें असुरांचा पराभव झाल्याची महाभाष्यांतील कथा आम्हीं वर्गांत कितीदां तरी हंसत हंसत सांगितली होती! सन १९८१ सालीं, दंग्यांच्या ऐन भरांत, कांहीं आईबापांनीं ‘लॅगन कॉलेज’ ही दोन्ही पंथांच्या मुलांची शाळा काढली. आरंभीं मुलें २८. आज हजारावर आहेत. सुट्टी असल्यामुळें ती आम्हीं फाटकाबाहेरूनच पाहिली. रिकामें पटांगण पाहून शिक्षकाच्या मनांत जें येतें, तें आलें. अशा एकत्र शाळांत जाणारीं मुलें त्या प्रांतांत अद्याप शेंकडा दहाहि नाहींत.

सन २०२३ पर्यंत सर्व भिंती काढूं, असें तेथील सरकारनें २०१३ सालीं जाहीर केलें होतें. मुदत टळली. रहिवाशांच्या संमतीनेंच भिंत काढावयाची, असें धोरण आहे, आणि तें आम्हांस योग्य वाटतें. बाटली कोणाच्या परसांत पडते, हें कचेरींत बसून कळत नाहीं. कांहीं ठिकाणीं मात्र भिंतींत दारें आहेत. दिवसां उघडतात, रात्रीं लावतात. परततांना आमची मोटार अशाच एका दारांतून गेली. पलीकडेहि तशींच लाल विटांचीं घरें, तसेच वाळत घातलेले कपडे.

आतां गणपतीस कोंकणांत जावयाचें आहे. भिंत पाडावी असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. ओटीवर एक दार पाडूं या, दिवसां तें उघडें ठेवूं, असें चुलतबंधूंस पत्र धाडलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.