कुकडीकाठची पाषाणवाट

केडगावहून पुणे महामार्गाने निघालेला प्रवासी सुपे ओलांडून वाडेगव्हाणमार्गे पारनेर तालुक्यातील निघोजच्या कुंडांपाशी पोहोचतो. वाटेतील कोरडी माळराने पाहता पुढे असे नदीपात्र भेटेल, हे मनातही येत नाही. मळगंगा देवीच्या मंदिराजवळून काठाने चालू लागले की झाडांची विरळ सावली मागे पडते आणि काळ्या बेसाल्टचा उंचसखल पट्टा सुरू होतो.

जुन्नरच्या डोंगरांत उगम पावलेली कुकडी येथे पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे खडकातील लहानशा खळगीत गरगर फिरतात, तिला घासतात, खोल करतात. हजारो वर्षांच्या या घर्षणातून रांजणखळगे घडले. व्यापारी घराण्यांना हा हिशेब परिचित आहे : रोजची भर नगण्य, पिढ्यांची जमा अमाप.

मात्र येथे निष्काळजीपणाला उधारी नाही. खडक गुळगुळीत, कडा उभ्या; पाण्याची खोली वरून कळत नाही. छायाचित्रासाठी पुढे टाकलेले एक पाऊल घात करू शकते. वरच्या अंगाला येडगावसारखी धरणे आहेत. पावसाळ्यात विसर्ग वाढला की पात्रही चढते. म्हणून पूर ओसरल्यानंतरची हिवाळी सकाळ निवडावी, मुलांचा हात सोडू नये आणि फराळाचा रिकामा डबा, बाटली घरी परत न्यावी. नदीने घडवलेल्या रांजणात कचरा साठवणे, हे वडिलार्जित तिजोरीत दगड भरण्यासारखेच आहे.