तीन कोंबड्या, पंधरा अंडी

पॅरिसच्या सँ-जर्मे-दे-प्रे मठाची खतावणी वाचतोय. इर्मिनॉन नावाच्या मठाधिपतीने नवव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ती लिहून घेतली. गावं, शेतं, द्राक्षमळे, कुळं, आणि कोणाकडून काय यायचं ते. तुकारामांनी इंद्रायणीत सोडलेल्या कर्जखतांची आठवण झाली. इथे उलटं, मठच खतं सांभाळून बसलेला.

*

त्यात एक कूळ आहे, बोदो. मठाच्या शेतावर नांगरट, वर दर आठवड्याची वेठ. रानात डुकरं चारायची तर वाइन द्यायची. शिवाय तीन कोंबड्या, पंधरा अंडी. ही कोंबड्या-अंड्यांची जोडी इतर कुळांच्या नावांपुढेही पुन्हा पुन्हा येते.

*

बेनेडिक्टचा नियम सहाव्या शतकातला. भिक्षूने स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही. पुस्तक नाही, लेखणीसुद्धा नाही. मठाने किती ठेवावं? त्यावर मर्यादा नाही. सगळी गोम इथे आहे. मठातल्या कारागिरांचा माल बाहेरच्यापेक्षा थोडा स्वस्त विकावा, हेही त्याच नियमात. गिऱ्हाइकाला ते पुण्य परवडत असणार.

*

कोर्बीचा मठाधिपती अडालहार्ड, सम्राट शार्लमेनचा चुलतभाऊ. 822 मध्ये तो कोठीचा हिशेब मांडतो: रोज 15 मापं धान्य, मापाला 30 पाव, म्हणजे 450. जेवणारी तोंडं तीनशेच्या खाली नाहीत, कधी चारशे. पाव तोंडांपेक्षा जास्तच. लग्नघरातल्या आचाऱ्याचा हात! मला हा माणूस आवडला.

*

इंग्लंडच्या वेअरमथ-जॅरो मठात 716 च्या आधी लिहिलेलं एक बायबल आज फ्लॉरेन्समध्ये आहे. हजारावर चामडी पानं. एका वासराच्या कातड्यात दोन पानं. म्हणजे पाचशेहून जास्त वासरं. आणि अशी बायबलं तीन केली होती. एवढा गोठा बाळगणाऱ्यांना गरीब कसं म्हणायचं?

*

इर्मिनॉनच्याच शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या राज्यात, आपल्या कान्हेरीच्या विहाराला द्रम्म दान मिळत होते. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी, पुस्तकांसाठीही. तिथे रोकड, पॅरिसला अंडी.

*

परत बोदो. खतावणीत त्याची बायको एर्मेन्त्रूद आहे, आणि तीन मुलंही. कौतुकाने नव्हे. ती मठाची पुढची कुळं.