कानातील ऐरण

ऐरण म्हटले की लोहाराचा भाता आणि घण डोळ्यांसमोर येतात. भाषेने हा शब्द भट्टीबाहेरही नेला. रखडलेला प्रश्न एके दिवशी 'ऐरणीवर' येतो. वळवाच्या गडगडाटी ढगाचा माथा पसरून सपाट झाला की हवामानशास्त्रज्ञ त्याला ऐरणीची उपमा देतात. शरीरशास्त्राने तर प्रत्येकाच्या कानातच एक ऐरण ठेवली आहे.

पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांची साखळी असते. पडद्याची कंपने हातोडा ऐरणीला देतो, ऐरण रिकिबीला आणि रिकीब अंतर्कर्णाला. लोहाराची ऐरण घाव सोसून अचल राहते. ही मात्र हलते, म्हणूनच आपल्याला नीट ऐकू येते.

ती तितकी टिकाऊही नाही. दीर्घकाळ वाहणाऱ्या कानात या तिघांपैकी बहुधा तीच आधी झिजते, कारण तिच्या बारीक टोकाला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. साखळी तुटली की ऐकणे मंदावते. मूल हाकेला ओ देत नाही आणि घरात ते हट्टी ठरते. 'मोठेपणी थांबेल' असे म्हणत कानात कोमट तेल सोडणारे पालक मला आजही भेटतात.

कानात तेल किंवा पाणी जाऊ देऊ नये, काडी घालू नये. कान वाहू लागताच डॉक्टरांना दाखवावा. 2 आठवड्यांनंतरही वाहत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणीही करून घ्यावी. आतली ऐरण शाबूत आहे, तोवरच हा प्रश्न ऐरणीवर घेतलेला बरा.