श्वासयंत्राशेजारी कोण बसणार?

घरातल्या व्हेंटिलेटरची माहिती सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत द्यावी, असं संपादकांचं म्हणणं आहे. माहिती देईनच, पण ती एका म्हणण्यासाठी देणार आहे. घरचा व्हेंटिलेटर सुरक्षित आहे की नाही, हे यंत्राच्या किमतीवर ठरत नाही. रात्री त्याच्याशेजारी जागं असलेल्या माणसाला काय येतं, यावर ते ठरतं. आणि ते माणूस नोंदणीकृत परिचारिकाच असलं पाहिजे, हा आग्रह आता सोडायला हवा. मी स्वतः नोंदणीकृत परिचारिका आहे आणि हे पूर्ण विचारांती लिहिते आहे. आधी एक गैरसमज दूर करायला हवा. व्हेंटिलेटर म्हटलं की अनेकांना अरुणा शानबाग आठवतात. 1973 च्या हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यावर त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात जवळजवळ 42 वर्षं अचेत अवस्थेत होत्या, पण एवढा काळ आपला श्वास त्या स्वतः घेत होत्या. व्हेंटिलेटर लागला तो मे 2015 मध्ये, न्यूमोनिया झाल्यावर, अगदी शेवटच्या दिवसांत. मी ज्यांच्याविषयी लिहिते त्यांचं बरोबर उलट असतं. मानेच्या मणक्याला वरच्या भागात इजा झालेला तरुण, मोटर न्यूरॉनचा आजार झालेले गृहस्थ, ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेला मुलगा, यांची बुद्धी सहसा शाबूत असते; थकलेले असतात ते श्वासाचे स्नायू. श्वासपटलाची नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जामुळांतून निघते. त्या मुळांच्या वर मज्जारज्जू तुटला, तर मेंदूचा हुकूम छातीपर्यंत पोचतच नाही. अशा माणसाच्या उशाशी उभं राहून ‘मशीनवर ठेवलंय, आता काय उरलं’ असं नातेवाईक बोलतात, तेव्हा तो ते सगळं ऐकत असतो.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं, आणि ऑक्सिजन म्हणजेच श्वास, असं लोकांनी धरून ठेवलं. कॉन्सन्ट्रेटर हवेतला ऑक्सिजन दाट करून देतो. छाती हलवत नाही. व्हेंटिलेटर दाब देऊन हवा आत ढकलतो, त्यामुळे वापरलेली हवा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर पडायला वाट मिळते. स्नायू थकलेल्या माणसाला नुसता ऑक्सिजन लावला, तर ऑक्सिमीटर 97 दाखवत राहतं आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो. सकाळी डोकं दुखणं, दिवसभर गुंगी, बोलण्यात विसंगती ही त्याची लक्षणं. घरचे मात्र म्हणतात, आकडा तर चांगला आहे, झोपू द्या. हा फरक ज्याला कळतो, तोच त्या खोलीत कामाचा.

आता नागपूरच्या उन्हाळ्याचं. नाक हे केवळ भोक नाही. ते हवा गरम करतं, ओलसर करतं, गाळतं. गळ्याला छेद देऊन ट्रॅकिओस्टॉमीची नळी बसवली की नाक वगळलं जातं आणि बाहेरची हवा थेट श्वासनलिकेत जाते. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, पारा 45 अंशांवर जातो, दुपारची आर्द्रता अनेकदा 20 टक्क्यांखाली उतरते. ओलाव्याची सोय चुकली तर कफ सुकून नळीत बूच बसतं. मग घरचे कूलर जवळ ओढतात. कूलरचा ओलावा नळीतून जाणाऱ्या हवेची गरज भागवत नाही, आणि टाकीतल्या शिळ्या पाण्यात जंतू वाढतात. ओलाव्यासाठी यंत्राचा ह्युमिडिफायर हवा, त्यात निर्जंतुक पाणी हवं, किंवा नळीला लावायचं कृत्रिम नाक हवं. सक्शन करताना, म्हणजे नळीतला कफ यंत्राने ओढून काढताना, कॅथेटर 10 ते 15 सेकंदांपेक्षा जास्त आत ठेवायचं नाही, कारण कफाबरोबर हवाही ओढली जाते. नळीभोवतीच्या फुग्याचा दाब साधारण 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका ठेवायचा. जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. बोलण्यासाठी जी झडप लावतात तिचा एक प्रसिद्ध प्रकार अमेरिकेतल्या डेव्हिड म्युअर या व्हेंटिलेटरवरच्याच तरुणाने तयार केला. पण ती लावण्याआधी फुगा पूर्ण सोडलाच पाहिजे, नाहीतर हवा आत जाते आणि बाहेर पडायला जागा उरत नाही. यातलं काहीही पदवीशिवाय समजणार नाही असं नाही. मात्र काहीही शिकल्याशिवाय जमेल, असंही नाही.

वाद इथेच आहे. गळ्याच्या नळीत सक्शन कोणी करायचं? आमच्या व्यवसायातला मोठा गट म्हणतो, फक्त परिचारिकेने. वस्तुस्थिती अशी, की नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयांतून सुटी मिळालेला रुग्ण गोंदिया, गडचिरोली किंवा पलीकडे बालाघाटला जातो, तेव्हा चोवीस तास परिचारिका मिळतही नाही आणि परवडतही नाही. शेवटी सक्शन आई करते, सून करते, नर्सिंग ब्यूरोने पाठवलेली मावशी करते, आणि त्यांना कुणी नीट शिकवलेलं नसतं. म्हणजे नियम कागदावर कडक आणि रुग्ण अप्रशिक्षित हातांत. जगाने यातून मार्ग काढला आहे. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा श्वास बंद पडलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. मग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन पिशवीने हवा देण्याची पद्धत आणली, आणि सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबल्या. साथ संपेपर्यंत मृत्यूचं प्रमाण 25 टक्क्यांच्या आसपास उतरलं. ते विद्यार्थी तज्ज्ञ नव्हते; त्यांना एक काम नीट दाखवलं होतं आणि पाठीशी तज्ज्ञ उभे होते. फ्रान्सने 1999 मध्ये हुकूमनामा काढून परिचारिका नसलेल्यांनाही प्रशिक्षणानंतर असं सक्शन करायची मुभा दिली. जपानने 2012 पासून काळजीवाहकांना ती कायद्याने दिली. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या 2016 च्या मार्गदर्शिकेत घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलाजवळ सतत एक जागं, प्रशिक्षित माणूस असावं आणि घरातल्या किमान दोघांना शिकवलेलं असावं, असं म्हटलं आहे. त्यात ‘जागं’ आणि ‘प्रशिक्षित’ या दोन अटी आहेत. ते माणूस परिचारिकाच हवं, अशी अट नाही.

यावर आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला, अर्धवट शिकलेला माणूस जीव घेईल. घेऊ शकतो, म्हणूनच प्रशिक्षण एका विशिष्ट रुग्णापुरतं असावं. याची नळी, याचं यंत्र, याचे अलार्म. ज्या परिचारिकेने नोंदणीनंतर ट्रॅकिओस्टॉमीची नळी कधी हाताळलेली नाही, तिच्यापेक्षा या एका नळीवर पन्नास वेळा हात बसलेली आई त्या खोलीत जास्त भरवशाची असते. दुसरा आक्षेप, स्वस्त हात मिळाले की परिचारिकांची किंमत उतरेल. ही भीती मला खरी वाटते, आणि उत्तर असं की शिकवणं, दर महिन्याला तपासणं, नळी बदलणं आणि फोनवर सल्ला देणं हे परिचारिकेचं काम ठरावं आणि त्याचे वेगळे पैसे मिळावेत. तिसरा आक्षेप, हा सगळा भार घरच्या बाईवर पडेल. इथे माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. बारा तासांची रात्रपाळी महिनोन्महिने करणारी स्त्री प्रशिक्षित होते म्हणून तिची झोप परत येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये काळजीवाहकाच्या व्याख्येत विनामोबदला काळजी घेणारे आई-वडील आणि कुटुंबीयही येतात, आणि कलम 24 मध्ये तीव्र आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. तो भत्ता व्हेंटिलेटरवरच्या घरापर्यंत पोचला, तर निदान आठवड्यातल्या काही रात्री दुसरं माणूस ठेवता येईल. प्रशिक्षण आणि विसावा हे एकाच मागणीचे दोन भाग आहेत.

विजेचा प्रश्नही याच मागणीत येतो. कोराडी आणि खापरखेडा इथली औष्णिक वीज केंद्रं नागपूरला लागून असली तरी मे महिन्यातल्या वावटळीत झाड तारांवर पडलं की गल्ली अंधारात जातेच. ब्रिटनमध्ये अशा ग्राहकांची प्राधान्य नोंदवही असते, ऑस्ट्रेलियात जीवरक्षक उपकरणं असलेल्या घरांची वेगळी नोंद असते. महावितरणने अशी यादी ठेवली, तर दुरुस्तीसाठी वीज बंद करण्याआधी त्या घराला आवर्जून कळवता येईल. इन्व्हर्टर आणि यंत्राची बॅटरी हे दोन टप्पे झाले. तिसरा टप्पा माणूस आहे, हातात अम्बू बॅग घेतलेला. 1956 मध्ये डेन्मार्कमध्ये बनलेल्या या आपोआप फुगणाऱ्या पिशवीला वीज लागत नाही, पण ती उशाशी टांगलेली असून दाबता येत नसेल तर नुसतं रबर आहे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. नागपुरातल्या मेडिकल, मेयो आणि एम्ससारख्या रुग्णालयांनी व्हेंटिलेटरसह सुटी देताना दोन माणसांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी आणि त्या रुग्णापुरतं प्रमाणपत्र द्यावं. सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी. तोवर, ब्यूरोकडून माणूस घेणाऱ्या कुटुंबांनी त्याला प्रमाणपत्रं विचारण्याआधी तीन गोष्टी करून दाखवायला सांगाव्यात. अलार्म वाजला तर तो आधी पडद्याकडे पाहतो की रुग्णाच्या छातीकडे? नळीतून हवा जात नसेल तर पहिल्या मिनिटात काय करतो? वीज आणि बॅटरी दोन्ही गेली तर पिशवी कशी जोडतो आणि किती वेळाने दाबतो? जो छातीकडे पाहतो, आतली नळी काढून सक्शन करतो, न थबकता पिशवी जोडतो, त्याच्या नावापुढे कोणतीही पदवी नसली तरी त्याला ठेवावं आणि पूर्ण पगार द्यावा. ज्याला हे येत नाही, त्याला त्या रात्री एकटं बसवू नये, मग तो माझ्याच व्यवसायातला असला तरी.