सुवर्णगरुडध्वज

मुंबईहून मध्य रेल्वेच्या गाडीनें निघालें म्हणजे ठाणें, डोंबिवली, कल्याण हीं स्थानकें ओलांडून अंबरनाथ लागतें. आपण एका पक्ष्याच्या राज्यांतून चाललों आहों, हें फार थोड्या प्रवाशांच्या ध्यानीं येत असेल. हें ठाणें म्हणजे उत्तर कोंकणच्या शिलाहार राजांचें श्रीस्थानक. ते स्वतःस ‘सुवर्णगरुडध्वज’ म्हणवीत. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रेवरही गरुडच असे. 1787 सालीं ठाण्याच्या किल्ल्यांत पाया खणतांना अरिकेसरी राजाचा शके 939, म्हणजे इ. स. 1017 चा ताम्रपट सांपडला. त्या किल्ल्यांत आज कारागृह आहे.

रक्षक पक्ष्याची कल्पना एकट्या आमचीच नव्हे. प्राचीन चिनी परंपरेंत पूर्वेस नीलवर्ण ड्रॅगन, पश्चिमेस श्वेत व्याघ्र, उत्तरेस सर्पवेष्टित कूर्म आणि दक्षिणेस शेंदरी पक्षी असे दिक्पाल आहेत. आमचा गरुडही बौद्ध धर्माबरोबर चीनला गेला व ‘सुवर्णपक्ष’ या अर्थाच्या नांवानें तेथें धर्मरक्षकांत बसला.

शिलाहारांच्या गरुडाची कथा मात्र निराळी आहे. ते आपला वंश विद्याधर जीमूतवाहनापासून सांगत. शंखचूड नागावर गरुडाचें भक्ष्य होण्याची पाळी आली, तेव्हां त्याच्या मातेचा आक्रोश ऐकून जीमूतवाहन त्याच्याऐवजीं वध्यशिलेवर जाऊन बसला. लचके तुटत असतांही त्याची शांति ढळली नाहीं. तें पाहून गरुड पश्चात्ताप पावला व त्यानें नागांची हिंसा सोडली. श्रीहर्षाच्या ‘नागानंद’ नाटकाचा हाच विषय. ‘शिलाहार’ या नांवाचा संबंधही त्या शिलेशींच जोडतात.

ज्यानें पूर्वजाचें मांस तोडलें, त्यालाच ध्वजावर स्थान कां? आम्हांस वाटतें, बळ आवरलें गेलें म्हणजेच तें रक्षक होतें, एरव्हीं तें भक्षकच. पुढें सुमारें 1265 सालीं देवगिरीच्या महादेव यादवाशीं झालेल्या युद्धांत सोमेश्वर शिलाहार समुद्रांत बुडाला. यादवांचें लांछनही गरुडच! दोन्ही पक्षांच्या ध्वजांवर एकच पक्षी; तेव्हां त्यानें कोणास जय द्यावा? राजानें त्याच्याकडे पाहून मर्यादा शिकावी, एवढाच त्याचा उपयोग असें आम्ही मानतों.

अंबरनाथच्या शिवालयांतील लेख शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा, मुम्मुणि राजाच्या काळचा आहे. सभामंडपांतून पायऱ्या उतरून गाभाऱ्यांत जावें लागतें. काळ्या पाषाणाचें तें शिल्प पाहून डोळे निवतात; पण बाहेर येऊन शेजारची वालधुनी नदी पाहिली, कीं मन खिन्न होतें. कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्यानें तिची दशा झाली आहे. आवर न घातलेलें बळ काय करितें, तें येथें उघड दिसतें. वाचकांनीं घरच्या मुलांस घेऊन तेथें अवश्य जावें, जीमूतवाहनाची कथा त्यांस सांगावी, आणि देवळाबरोबर नदीही दाखवावी.