फराटे

बेळगावचा पाऊस परततो, पण पश्चिमेकडच्या तावदानांवर त्याची सगळी नोंद मागे राहते. जूनपासून सह्याद्रीकडून येणारी झड काचेवर तिरपी आपटते, चौकटीच्या लाकडात मुरते, खालच्या कोपऱ्यात हिरवट कड धरते. तेव्हा काचेकडे कोणी बघत नाही, कारण पलीकडेही नुसतं धुकं आणि पाणीच असतं. मग भाद्रपद सरता सरता ऊन घरात येतं आणि एकेक ओघळ उजेडात उभा राहतो. घटस्थापनेआधीच्या झाडलोटीत, भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरुणाच्या धुण्यात, मला खिडक्यांचं काम सगळ्यांत आवडतं. भांडं घासलं की भांडं चमकतं. काच नीट पुसली की ती दिसेनाशीच होते, आणि समोरच्या परसातल्या फणसाचं पान न् पान नजरेत येतं.

पण ही नीट पुसलेली काच सहज हाती लागत नाही. तासभर राबून, दोन पावलं मागे सरून पाहावं, तर अर्धगोल फराटे हाताच्या फेऱ्यांसकट उमटलेले. ते धुळीचे नसतात, पाण्याचे असतात. पाणी उडून जातं, त्यात विरघळलेले क्षार जात नाहीत. बोअरच्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम भरपूर असेल, तर एकेका थेंबाचं पांढरं वर्तुळ काचेवर बसतं. त्यात साबण जास्त पडला की फेसाऐवजी चिकट साका तयार होतो आणि फडकं तोच इमानेइतबारे सगळ्या काचेवर पसरवतं. म्हणून बादलीभर पाण्याला साबणाचे थोडे थेंब पुरेत. पांढरे डाग धरले असतील, तर लिंबाचा रस नाहीतर व्हिनेगर. आंबटाने चुना सुटतो.

आमच्या आजीला हे रसायन कोणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या पावसांनी कौलं धुऊन निघाली की ती पागोळ्यांखाली घंगाळ लावून ठेवायची. नळाला राकसकोपचं, मार्कंडेय नदीचं पाणी येत होतं, परसात विहीर होती, तरी काचेसाठी तिला पावसाचंच पाणी हवं असायचं. आभाळातून आलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळे ते वाळलं तरी मागे काही ठेवत नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तिने आयुष्यभर रोज सांजेला पुसला होता. वस्त्रगाळ राखेची चिमूट, कागदाचा बोळा आणि काचेच्या आत जेमतेम मावणारी दोन बोटं. राखेत एक खडा राहिला तरी काचेवर चरा जातो, म्हणून ती राख आधी चिमटीत चोळून बघायची. वीज आली, कंदील माळ्यावर गेला, पण खिडकी पुसतानाही तिच्या हातात ती कंदिलाच्या काचेची जपणूकच असे.

निपाणीला आत्याकडे धूळच वेगळी. तिचं घर तंबाखूच्या वखारींच्या वाटेवर. झाडणं-चाळणं सुरू झालं की हवेतच ठसका असायचा आणि खिडकीच्या गजांवर, तावदानांवर तपकिरी भुकटीचा थर बसायचा. ओलं फडकं घेऊन पुढे झालं की आत्या हात धरायची. “आदी कोरडं झाड गं. पाणी लागलं की काढा हुतोय त्याचा.” आणि खरंच होतो. तो काढा काचेवर ओघळतो, लांबीच्या फटीत शिरतो आणि पुढे कितीतरी दिवस झिरपत राहतो. म्हणून आधी मऊ कुंचा, वरून खाली. मग गज, मग चौकट, आणि काच सर्वांत शेवटी. विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर बेळगावातल्या गल्ल्यांत खिडक्यांवर गुलाल बसतो, त्यालाही हाच नियम मी लावते.

आत्या काम कानानेही तपासायची. ओल्या काचेवरून कागद मुकाट सरकतो. पाणी संपत आलं की तो कुईकुई वाजू लागतो. “काच वराडाय लागली की थांब,” ती म्हणायची. त्यापुढे घासत राहिलं की कागदाचाच लगदा सुटतो.

हा कागद म्हणजे जुनं वर्तमानपत्र. चिंध्यांसारखा त्याचा धागा सुटत नाही आणि तो पाणी पटकन टिपतो. पण सीमाभागातल्या घरात मराठी वर्तमानपत्र नुसती रद्दी नसतं. १९१९ साली बाबूराव ठाकुरांनी बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केला. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी होऊन आम्ही या बाजूला राहिलो, तेव्हापासून तर रोज सकाळी दारात पडणाऱ्या मराठी अक्षरांवर इथल्या घरांचा जीव जडलेला आहे. आजी गठ्ठा सोडायची, देवाचं आणि शिवरायांचं चित्र असलेली पानं बाजूला काढायची, मग उरलेल्यांचे बोळे करायची. मीही अजून तसंच करते. पांढऱ्या चौकटीला मात्र कागद लागू देऊ नये, शाई उतरते. कागद नसेल तर धुऊन धुऊन विरलेलं सुती धोतर. नवं फडकं नको, त्यात खळ असते. रबराची पट्टी असलेला वायपर मोठ्या सरकत्या खिडक्यांना उत्तम, फक्त प्रत्येक ओढीनंतर रबर पुसून घ्यायचं. उन्हाने तापलेल्या काचेला पाणी लावू नये, पुसण्याआधीच ते वाळतं. पश्चिमेच्या खिडक्या सकाळी, पूर्वेच्या दुपारनंतर.

अनगोळच्या एका जुन्या घरात एक तावदान असं आहे की कितीही पुसा, त्यातून पलीकडची भिंत हलल्यासारखी दिसते. तो फराटा नव्हे. जुनी काच भट्टीतून ओढून काढत, त्या ओढीच्या लाटा तिच्यात कायमच्या राहत. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करायची पिल्किंग्टनची रीत १९५९ साली जाहीर झाली आणि नंतर जगभर रुळली. त्या लाटा पुसायला जाऊ नये. चौकट बदलली तरी ते तावदान सांभाळून नव्या चौकटीत बसवावं, असं मला मनापासून वाटतं.

पुण्याला नव्या फ्लॅटमध्ये राहणारी भाची परवा फोनवर विचारत होती, खिडकी पुसली तरी पट्टे दिसतात, पण ते आत आहेत की बाहेर हेच कळत नाही. मी तिला म्हटलं, आतून आडवा हात फिरव, बाहेरून उभा. पट्टा आडवा दिसला तर आतला, उभा दिसला तर बाहेरचा. आणि स्वयंपाकघराची खिडकी शेवटी घे, तिच्यावर फोडणीचा तेलकट थर असतो, त्याला कोमट पाणी लागतं.