बोटांतून निसटणारी नाणी

तिरुवनंतपुरमला गेलेला मराठी पर्यटक पद्मनाभस्वामींचे दर्शन घेतो, कोवळमचा समुद्र पाहतो आणि पोनमुडीच्या थंड डोंगराकडे निघतो. पोनमुडीच्या याच वाटेवर, शहरापासून सुमारे 18 किलोमीटरवर नेडुमंगाड लागते. तेथील कोयिक्कल वाड्यासाठी मात्र फार थोडे जण थांबतात.

सतराव्या शतकातील वेणाडची राणी उमयम्मा हिच्यासाठी हा वाडा बांधला, असे सांगतात. मधोमध चौक, चारही बाजूंना सोपे आणि उतरती कौलारू छपरे पाहून कोकणातल्या चौसोपी घराची आठवण यावी. 1992 साली केरळच्या पुरातत्त्व खात्याने येथे लोककला आणि नाणी यांचे संग्रहालय मांडले. मिऱ्यांच्या व्यापारातून आलेली रोमन नाणी, कोचीनचे ओट्टपुत्तन आणि इरट्टपुत्तन, कलियुगरायन पणम असे कितीतरी प्रकार इथे आहेत. पण पाहणाऱ्याची नजर खिळते ती इवल्याशा 'राशी'वर. जगातील सर्वांत छोट्या नाण्यांत तिची गणना होते.

त्रावणकोर संस्थानचा रोजचा व्यवहारही अशाच चिमुकल्या नाण्यांवर चाले. 16 काशूंचे एक चक्रम, 4 चक्रमांचा एक पणम आणि 7 पणमांचा एक त्रावणकोरी रुपया, असा हिशेब होता. चांदीचे चक्रम मसुराच्या दाण्यापेक्षा फारसे मोठे नव्हते. कुणी 100 रुपयांचा सारा चक्रमांत भरला, तर कारकुनापुढे 2800 दाण्यांची रास पडे! ती बोटांनी मोजायची कशी?

त्यावर तोडगा निघाला तो लाकडी फळीचा. फळीवर ओळीने खळगे कोरलेले असत. प्रत्येक खळगा बरोबर एका चक्रमाच्या रुंदीचा आणि तेवढ्याच खोलीचा. फळीवर मूठभर नाणी टाकायची, हलकेच हलवायची आणि जास्तीची हाताने पुसून बाजूला सारायची. एका खळग्यात एकच नाणे बसे, दुसरे वर ठरतच नसे. सगळे खळगे भरले की संख्या एका दृष्टिक्षेपात कळे. ना यंत्र, ना वजनकाटा!

1949 साली त्रावणकोर आणि कोचीन संस्थाने एकत्र येऊन नवे राज्य झाले आणि जुन्या चलनाचे दिवस सरले. मल्याळी आणि तमिळ माणूस आजही पैशाला 'पणम' म्हणतो, पण नाणी मात्र सोनाराच्या मुशीत गेली किंवा जुन्या डब्यांत विखुरली. जी उरली, त्यांना दोन शत्रू आहेत. एक दमट हवा आणि दुसरा आपलाच उत्साह.

आपल्याही घरी आजीच्या पेटीत शिवराई, ढब्बू पैसा किंवा चांदीची चवली असेल. ती चिंच, राख किंवा पॉलिश लावून घासू नये. त्याने चकाकी येते, पण अक्षरे झिजतात. नाणे नेहमी कडेने धरावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून कालांतराने सुटणारी द्रव्ये धातू खराब करतात, म्हणून प्रत्येक नाणे आम्लरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवावे. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. वर्गवारी आधी राज्याप्रमाणे, मग राजाप्रमाणे, मग धातू आणि मूल्याप्रमाणे करावी.

सर्वांत महत्त्वाची ती चिठ्ठी. नाणे कुणाकडून आले, कोणत्या गावात मिळाले, हे पाकिटावर लिहून ठेवावे. धातूचा भाव बाजारात कुणीही सांगेल, पण नाण्याचा ठावठिकाणा एकदा विसरला की तो कोणताही तज्ज्ञ परत आणू शकत नाही. तो सांगणारी माणसे घरात आहेत, तोवरच विचारून घ्यावे.

नेडुमंगाडला जायला तिरुवनंतपुरमहून बसची सोय आहे. निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्यावा.